पाडवा ते शिमगा : गावाच्या वर्षाचा इतिहास



आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गावाच्या इतिहासावर काही लिहावे, असे समितीने मला सांगितले. मी तालुका कचेरीतला एक कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मात्र कचेरीत बसून जुन्या नोंदी पाहताना एक विचार नेहमी मनात येतो. जमीन कोणाची हे सात-बाऱ्यावरून कळते, पण गाव कसे जगत होते हे त्यावरून कळत नाही. ते कळायचे तर गावाचे वर्षभराचे सणवार पाहावे लागतात. कोणता सण केव्हा येतो, तो कोण करतो आणि त्याचा खर्च कोठून येतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत गावाचा बराचसा इतिहास येऊन जातो. म्हणून हाच विषय घेतला आहे.

वर्ष मोजण्याची रीत

आपले सण शालिवाहन शकाच्या तिथींवर चालतात. हा शक इसवी सन ७८ मध्ये सुरू झाला. चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला नवे वर्ष लागते. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात सुमारे ३५४ आणि सूर्याच्या वर्षाचे ३६५. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हा रक्षाबंधन, गणपती, दसरा, दिवाळी सर्वच लांबले, हे सर्वांना आठवत असेल. ही सोय नसती तर आपला पोळा कधी थंडीत आणि कधी उन्हाळ्यात आला असता. मुसलमान बांधवांच्या हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे मोहरम आणि ईद सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात.

शेतकऱ्याने मात्र पावसासाठी सूर्याची नक्षत्रे धरली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ही नावे निरक्षर माणसालाही पाठ असत. मृग दरवर्षी ७ जूनच्या सुमारास लागतो, त्याला अधिक महिन्याची अडचण नाही. सरकारनेही हेच ओळखले होते. शिवकाळातल्या व पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन आढळतो, त्याला अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणत. महिन्यांची व आकड्यांची नावे अरबी, पण वर्ष सुरू होई सूर्य मृगात शिरला की. पेरणी आणि सारा यांचे वर्ष एक असावे, एवढाच त्यातला हेतू. आजही आमच्या कचेरीचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ रोजी, राष्ट्रीय पंचांग स्वीकारले. शास्त्रज्ञ मेघनाद साहा हे त्या समितीचे अध्यक्ष होते. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते, परंतु घरात सण पाहायचा तर १९७३ पासून निघणारे कालनिर्णय किंवा तशी दुसरी दिनदर्शिकाच भिंतीवर असते. त्यापूर्वी पाडव्याला ग्रामजोशी चावडीवर किंवा देवळात पंचांग वाचून दाखवी, तेच गावाचे वर्षाचे वेळापत्रक होते.

शेतीबरोबर चालणारे सण

पाडव्याला गुढी उभारली जाई आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी सालगड्याचे नवे साल ठरे. खानदेशात हा व्यवहार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होई. चैत्र-वैशाखात रबीची रास घरात आलेली असते आणि मृगाला अवकाश असतो. म्हणून रामनवमी, हनुमान जयंती आणि बहुतेक गावांच्या यात्रा याच दिवसांत येतात. पालखी, कुस्त्यांचा फड, तमाशा, पाहुणेरावळे यांना हाताशी धान्य आणि वेळ दोन्ही असते.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. आषाढात पेरण्या आटोपल्या की वारकरी पंढरीची वाट धरतात. शेतात पीक उगवून येईपर्यंत घरचे एक माणूस मोकळे होऊ शकते, हा हिशेब वारीमागे आहेच. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली. गावोगावी होणारे हरिनाम सप्ताह हे त्याच वारकरी परंपरेचे घरचे रूप होय.

श्रावणातल्या नागपंचमीला नांगर धरू नये, विळी-सुरी चालवू नये, चुलीवर तवा ठेवू नये, असा नेम आहे. कारण काही असो, त्या दिवशी बैलाला आणि चुलीपाशी राबणाऱ्या बाईला थोडी उसंत मिळे, हे खरे. श्रावण अमावास्येला पोळा. दक्षिण महाराष्ट्रात हाच सण बेंदूर या नावाने आधीच, ज्येष्ठ-आषाढात होतो, आणि पुणे भागातील काही गावांत तो भाद्रपद अमावास्येला असतो. नाव व तिथी बदलली तरी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून त्याला त्या दिवशी कामाला न जुंपणे हे सर्वत्र सारखे.

भाद्रपदात गणपती व गौरी, नंतर पितृपक्ष. आश्विनात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती घेऊन त्यात धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत ते कसे उगवते हे घरातले सर्वजण पाहतात. पुढे लगेच रबीची पेरणी असते. बियाणे जिवंत आहे की नाही याची पारख त्यातच होऊन जाई, असे जाणती माणसे सांगतात. दसऱ्याला ते कोंब टोपीत किंवा फेट्यात खोवून सीमोल्लंघन करायचे. दिवाळीची सुरुवातच वसुबारसेला, गाय-वासरापासून होते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन येते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत वेळ अमावास्या असते, तेथे तिला येळवस म्हणतात. सारे गाव शेतात जेवायला जाते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला शेतात असेल ती सर्व भाजी एकत्र शिजते आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती बहुधा १४ जानेवारीला आणि काही वर्षी १५ जानेवारीला येते. फाल्गुनात होळी पेटली की वर्षाचा हिशेब पुरा होतो.

सण कोणाच्या जोरावर चालत?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. महसूल खात्यातच नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ नावाचे पुस्तक लिहिले. बलुतेदार-अलुतेदार, त्यांचे हक्क आणि त्यांची कामे यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. ते वाचले म्हणजे कळते की प्रत्येक सणामागे कामाची वाटणी ठरलेली होती. कुंभाराने घट आणि सुगडी द्यायची. गुरवाने पूजा करायची, बेल व पत्रावळी पुरवायच्या. तेल्याने दिव्याला तेल घालायचे. पालखीपुढे परिटाने पायघड्या अंथरायच्या, न्हाव्याने दिवटी धरायची. मांगाने तोरण बांधायचे आणि वाजंत्री वाजवायची. महाराने गाव राखायचे, दवंडी द्यायची, होळीच्या लाकडापासून सारी धावपळ करायची. या बदल्यात खळ्यावर बलुते मिळे आणि काहींना वतनाची जमीन असे. देवळाच्या दिवाबत्तीसाठी व नैवेद्यासाठी देवस्थान इनाम असे. अशा जमिनींच्या नोंदी आजही गाव नमुना तीनमध्ये पाहावयास मिळतात.

ही व्यवस्था वरून सुरेख दिसते. तिची दुसरी बाजूही याच पानावर लिहिली पाहिजे. पोळ्याला कोणाचा बैल पुढे आणि होळीची पहिली पोळी कोणाची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत, प्रसंगी ती निवाड्यासाठी सरकारदरबारी जात. ऋण काढून सण करणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडके. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आरंभीच वर्षाचे सण एकेक घेऊन, दक्षिणा व दानाच्या नावाखाली कुणबी कसा नागवला जातो ते मांडले आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ज्यांनी तोरण बांधले, हलगी वाजवली, रात्रभर राखण केली, त्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती. देव सर्व गावाचा म्हणायचा आणि गावातलीच माणसे बाहेर उभी करायची, असा तो व्यवहार होता.

तो सहजासहजी बदलला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दरवाजा उघडला नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले, ते १० मे रोजी सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पाठोपाठ वतनेही गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५१ साली, महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून, आणि मुलकी पाटलांची वतने १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. सक्तीने राबवून घेण्याचा हक्क कोणालाही उरला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून अनेक बांधवांचा दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. त्यांनी गावकीची ती जुनी कामे सोडली, हे त्यांच्या स्वाभिमानाला धरूनच झाले.

वर्षात नवे दिवस आले

सण जसेच्या तसे अनादि काळापासून चालत आले, असे आपण म्हणतो. दप्तर तसे सांगत नाही. घरचा गणपती जुना, पण पुण्यात १८९३ च्या सुमारास त्याला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांनी त्याचा प्रसार केला. रायगडावरचा शिवजयंतीचा पहिला मोठा उत्सव टिळकांच्या प्रेरणेने १८९६ साली झाला. गावात मंडळे निघाली ती त्यानंतर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १९६० पासून १ मे हे दिवस आले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन आहे, कारण १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. ११ एप्रिलची फुले जयंती आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आता गावोगाव होते. ग्रामसभा बहुधा अशाच राष्ट्रीय दिवशी भरते, म्हणजे गावाच्या कारभाराचाही एक सण झाला. मोहरमचे पंजे आणि पिराचा उरूस यांत अनेक गावांत सर्व जातिधर्मांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भाग घेत आले आहेत. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत यांतले थोडेच दिवस असतात. पोळा किंवा स्थानिक यात्रा यांसाठी जिल्हाधिकारी काही मोजक्या स्थानिक सुट्ट्या देतात. गावाचे वर्ष त्या यादीपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

देवळांत स्वच्छता आली, यात्रेतली पशुहत्या कमी झाली, याचे मोठे श्रेय गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६). हातात खराटा घेऊन ते यात्रा झाडीत आणि रात्री कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, मुलाला शाळेत घाला, हेच सांगत. सण मोडा असे ते म्हणत नव्हते, त्यांतला कचरा काढा म्हणत होते.

वर्ष थांबले ते दिवस

गावाचे वर्ष काही वेळा थांबलेही. १९७२ च्या दुष्काळात बैलांच्या पाठीवर झूल घालायची तर दावणीला बैल उरले नव्हते. माणसे खडी फोडायला गेली, पोरांना सुकडी मिळाली आणि घरात परदेशातून आलेली मिलो ज्वारी शिजली. त्या काळातल्या सणांच्या आठवणी म्हातारी माणसे आजही काढतात, आणि त्या ऐकताना पुरणपोळीची किंमत कळते.

दुसरा प्रसंग आपण सर्वांनी पाहिला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील देवळे बंद झाली. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत, संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास नेण्यात आल्या. १६ नोव्हेंबर २०२०, दिवाळीचा पाडवा, या दिवशी देवळे उघडली. पुढे पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. या काळात यात्रा भरल्या नाहीत, सप्ताह झाले नाहीत. दार बंद असताना देवाची पूजा एका माणसाने केली तरी चालली. गावाचे मात्र चालले नाही. मुंबई-पुण्याहून यात्रेला येणारी आपलीच माणसे आली नाहीत, भावकीतली अबोला धरलेली माणसे एका पंगतीला बसू शकली नाहीत, माहेरवाशिणी आल्या नाहीत. सण कशासाठी असतो हे त्या दोन वर्षांत उलगडले.

माहेरवाशीण म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्षभराच्या सणांचे निम्म्याहून अधिक काम आयाबहिणी करतात. सारवण, पुरण, उपास, हळदीकुंकू सर्व त्यांच्याकडे. पण पती वारला की त्याच बाईला हळदीकुंकवाच्या ओळीतून उठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अशा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एका लहान गावाने हे केले, हे आपल्या लक्षात राहावे.

आता पुढे काय?

या सर्व इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. पूर्वी गावाचे वर्ष वतन, बलुते आणि इनाम यांवर चालत होते. त्यात शिस्त होती, तशी सक्ती आणि अन्यायही होता. ती सक्ती कायद्याने गेली, हे चांगले झाले. पण सक्तीबरोबर कामाची वाटणीही गेली आणि तिच्या जागी नवी वाटणी आपण पुरतेपणी बसवलेली नाही. आता वर्ष चालते ते वर्गणीवर आणि चार राबत्या माणसांवर. यात्रेला पैसा भरपूर जमतो, कारण त्या दिवशी सर्व येतात. पण श्रावणातल्या एखाद्या सोमवारी, भर पावसात, दिव्याला तेल आहे का हे पाहणारा माणूस एकच असतो. तो म्हातारा झाला की पुढे कोण, याचे उत्तर आपल्याजवळ नाही.

मंदिराचे बांधकाम एकदा होते, ते देणगीदारांच्या उदारपणामुळे झाले. सण दरवर्षी करावे लागतात. म्हणून समितीपुढे व ग्रामस्थांपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली, देवळात एक जाड नोंदवही ठेवावी. पाडव्यापासून होळीपर्यंतचे सर्व सण व दिवस क्रमाने लिहावेत. त्या दिवशी काय करायचे, कोणत्या वस्तू लागतात, खर्च किती आला आणि काम कोणी केले, याची नोंद दरवर्षी व्हावी. आज ही माहिती वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. कागदावर नसलेली गोष्ट पुढच्या पिढीला मिळत नाही, हा कचेरीतला रोजचा अनुभव आहे.

दुसरी, कामे आळीपाळीने द्यावीत. तोरण, दिवटी, पालखीचा खांदा, नैवेद्य, झाडलोट यांपैकी काहीही कोणा एका जातीचे किंवा घराण्याचे समजू नये. ज्याला हौस आहे त्याने यावे. स्त्रियांनाही, त्यांत विधवा भगिनींनाही, हा मान सारखा मिळावा.

तिसरी, देणगीदारांनी शक्य असल्यास यात्रेऐवजी एखादा साधा दिवस आपल्याकडे घ्यावा. घटाची माती, कार्तिकातला काकडा, पोळ्याच्या दिवशी बैलांसाठी पाण्याचा हौद भरणे, असे दिवस पुष्कळ आहेत. खर्च थोडा असतो, पण त्यानेच वर्ष अखंड राहते.

नव्या मंदिराच्या पायरीवर आज कोणालाही अडवले जात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हे घडत नव्हते. या एका गोष्टीसाठी अनेकांनी उपोषणे केली, मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. कळसाला सोने किती लागले यापेक्षा, येत्या वर्षात पाडव्यापासून शिमग्यापर्यंत गावातले प्रत्येक घर एकदा तरी या पायरीवर कामाला आले का, हे आपण नोंदवहीत पाहावे.

ग्रामदैवत सर्वांना सुबुद्धी व आरोग्य देवो, वेळेवर पाऊस पडो आणि गावाचे वर्ष असेच चालू राहो, ही प्रार्थना करून लेखणी आवरती घेतो.